‘मिसेस बी. एफ. कार्पेंटर’ कोणाच्या लेक? एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन बाईचं माहेर शोधताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेत ज्यांच्या घरी उतरल्या आणि ज्यांना त्या पत्रांतून मावशी म्हणत, त्या न्यू जर्सीतल्या रोझेलच्या मिसेस कार्पेंटर यांचे आईवडील, आजी-आजोबा कोण हे शोधायचं आहे. हाताशी ‘मिसेस बी. एफ. कार्पेंटर’ एवढंच नाव आहे. भारतात बसून कुठवर जाता येईल? आणि अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या बायकांसाठीही हीच पद्धत चालेल का?

बरंच लांब जाता येतं, आणि बहुतेक काम फुकट होतं. मात्र सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. ‘मिसेस बी. एफ.’ यातली आद्याक्षरं नवऱ्याची आहेत. त्या काळच्या अमेरिकन वर्तमानपत्रांत, आमंत्रणांत, कधी कधी थडग्यावरसुद्धा लग्न झालेल्या बाईचं स्वतःचं नाव येत नाही. तिच्या नावाने शोधत बसलात तर हाती फार थोडं लागेल. तिचं माहेर सापडतं ते ज्या कागदात तिच्या नात्यावरून पैसा किंवा जमीन इकडून तिकडे गेली त्या कागदात: वडिलांचं मृत्युपत्र, भावाबहिणींनी मिळून विकलेलं शेत, शिपाई नवऱ्याची पेन्शन. वारस कोण हे तिथे कोर्टाला किंवा सरकारला पटवून द्यावं लागे, म्हणून नाती स्पष्ट लिहिली जात. बाकी सगळी साधनं या कागदांपर्यंत पोचण्यासाठी.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद एका जागी मिळू शकते. अमेरिकेत तसं काही नाही. नोंदी काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कोर्टात, गावाच्या कारकुनाकडे, चर्चमध्ये, राज्याच्या दप्तरखान्यात आणि वॉशिंग्टनला अशा विखुरलेल्या असतात. त्यामुळे पहिला प्रश्न ‘ती कोण’ हा नसतो. ‘कोणत्या काउंटीत, कोणत्या साली’ हा असतो.

शोध शेवटाकडून मागे न्यायचा. मृत्यू आणि दफन आधी, लग्न त्यानंतर, जन्म सगळ्यात शेवटी. तुमच्या प्रकरणात शेवटाकडचा एक ठळक धागा आधीच माहीत आहे. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या, त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरांकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सीच्या ‘रूरल सेमेटरी’त त्यांच्या घरच्या जागेत पुरल्या गेल्या. घर न्यू जर्सीत आणि दफनाची जागा हडसनकाठी, डचेस काउंटीत. असं दिसलं की माहेर किंवा सासर यांपैकी एक तरी त्या काउंटीतलं आहे असं गृहीत धरून कामाला लागायचं. दफनभूमीच्या कार्यालयाला ईमेल लिहा आणि थडग्याचा फोटो मागू नका. त्या प्लॉटचं कार्ड मागा: जागा कोणी विकत घेतली, कोणत्या साली, आणि तिथे आजवर कोणाकोणाचं दफन झालं, तारखांसह. प्लॉट नवऱ्याच्या आडनावावर नसून तिसऱ्याच आडनावावर निघाला, तर ते तिच्या वडिलांचं किंवा भावाचं असण्याचा संभव मोठा. ‘फाइंड अ ग्रेव्ह’ या संकेतस्थळावर थडगी दिसतात, पण तिथली चरित्रं आणि नाती हौशी लोकांनी भरलेली असतात. फोटोत दगडावर जे वाचता येतं तेवढंच पुरावा म्हणून धरा.

दगडावर कधी कधी जन्मतारीख नसते, वय असतं. ‘१४ मार्च १८६८ रोजी मृत्यू, वय ७१ वर्षं ५ महिने २० दिवस’ असं लिहिलं असेल तर आधी वर्षं वजा करा (१४ मार्च १७९७), मग महिने (१४ ऑक्टोबर १७९६), मग दिवस: २४ सप्टेंबर १७९६. एक-दोन दिवसांचा फरक सोडून द्या, कारण वय काढणाऱ्याने महिना तीस दिवसांचा धरला होता का, हे कळत नाही.

यानंतर जनगणना. ती १७९० पासून दर दहा वर्षांनी झाली, पण प्रत्येक वेळी विचारलेलं वेगळं. १८४० पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव असे आणि बाकीची माणसं वयोगटांच्या रकान्यांत नुसते आकडे. म्हणजे १८२० साली तुमची बाई दहा वर्षांची असेल तर ती कोणाच्या तरी घरातली एक खूण आहे, त्याहून जास्त काही नाही. १८५० मध्ये पहिल्यांदा प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य आलं. नातं मात्र नाही. एका घरात चाळिशीचा पुरुष, तिशीची बाई आणि चार मुलं दिसली की लोक सरळ नवरा-बायको-मुलं असं लिहून मोकळे होतात. ती बाई त्याची बहीण असेल, दुसरी बायको असेल, मुलं पहिलीची असतील. घरकर्त्याशी नातं सांगणारा रकाना १८८० ला आला आणि त्याच वेळी आईवडिलांची जन्मराज्यंही विचारली गेली. माहेर शोधणाऱ्यासाठी १८८० ची जनगणना सगळ्यात मोलाची, ती ‘सासू’, ‘सासरे’, ‘मेहुणी’ या शब्दांमुळे. घरकर्त्याची सासू त्याच घरात राहत असेल तर तिचं आडनाव बहुधा बायकोचं माहेरचं आडनाव. सासूने दुसरं लग्न केलेलं असेल तर फसाल, म्हणून तेवढ्यावर थांबायचं नाही.

१८९० ची जनगणना जवळजवळ नाहीच. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली, आणि उरलेले भिजलेले-जळालेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले. आज सुमारे सहा हजार नावं शिल्लक आहेत. त्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यात वीस वर्षांची दरी पडते. १८८० ला वडिलांच्या घरी असलेली पंधरा वर्षांची मुलगी १९०० ला कोणाची तरी बायको, दोन-तीन लेकरांची आई, वेगळ्याच राज्यात. बहुतेकांचा धागा इथेच तुटतो. १९०० च्या पत्रकात मात्र जन्माचा महिना आणि साल, लग्नाला किती वर्षं झाली, एकूण किती मुलं झाली आणि किती हयात आहेत हे आहे. घरात पाच मुलं आणि बाईपुढे ‘झालेली मुलं २’ लिहिलेलं दिसलं की पहिली तीन तिची नाहीत.

दरी भरून काढायला राज्यांच्या स्वतःच्या जनगणना आहेत. न्यूयॉर्कच्या १८५५, १८६५ आणि १८७५ च्या पत्रकांत जन्म कोणत्या काउंटीत झाला हे विचारलेलं आहे. संघराज्याच्या जनगणनेत नुसतं ‘न्यूयॉर्क’ असतं, त्यापुढे हे फार. १८५५ च्या पत्रकात घरकर्त्याशी नातंही आहे, म्हणजे संघराज्याच्या पंचवीस वर्षं आधी, आणि त्या गावात किती वर्षं राहतात हेही. १८६५ च्या पत्रकात बाईला किती मुलं झाली आणि लग्नं किती झाली असे रकाने आहेत. सगळ्या काउंट्यांच्या वह्या टिकलेल्या नाहीत, तरी डचेस काउंटीचा संशय असेल तर आधी इथेच पाहा. न्यू जर्सीची १८८५ ची गणना त्या मानाने कोरडी: वय गटात, जन्मस्थान ढोबळ. माणूस तिथे होता एवढंच कळतं.

हद्दींचंही भान हवं. रोझेल स्वतंत्र बरो, म्हणजे स्वतःचा कारभार असलेलं गाव, झालं १८९४ मध्ये. त्याआधी ते लिंडेन टाउनशिपचा भाग, म्हणून १८८० च्या जनगणनेत घर लिंडेनखाली शोधावं लागतं. युनियन काउंटीच मुळात १८५७ मध्ये एसेक्समधून निघाली. त्याआधीच्या एलिझाबेथ-रोझेल पट्ट्यातल्या जमिनीचे कागद नेवार्कला, एसेक्सच्या दप्तरात. ‘नोंद नाही’ असं उत्तर आलं की पुष्कळदा चूक काउंटीची असते.

आता संगणकावर नेमकं काय टाकायचं ते. ‘फॅमिलीसर्च’ हे सॉल्ट लेक सिटीच्या मॉर्मन चर्चचं फुकट संकेतस्थळ आहे. खातं भारतातून उघडता येतं. तिथे बाईचं पूर्ण नाव टाकून शोधणं ही सगळ्यात कमकुवत पद्धत. त्याऐवजी मुख्य नावाचा रकाना मोकळा सोडा आणि ‘आईवडील’ या रकान्यांत भरा: वडिलांचं आडनाव कार्पेंटर, आईचं पहिलं नाव ‘थिओ’ एवढं इंग्रजीत टाकून पुढे तारांकित खूण (*), म्हणजे पुढची अक्षरं कोणतीही चालतील. या जोडप्याच्या मुलांच्या जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी एकत्र बाहेर येतात, आणि मुलांच्या लग्न-मृत्यूच्या नोंदींत आईचं माहेरचं आडनाव लिहिण्याचा रकाना असतो. मिसेस कार्पेंटरांचं पहिलं नाव थिओडिशिया. ते इंग्रजीत निदान तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं, म्हणून तारांकित खूण हवीच. नाव दुर्मीळ असणं ही चैन आहे. ‘मेरी’ असती तर याच शोधात शेकडो निकाल आले असते.

टोपणनावं पाठ करून टाका. पॉली म्हणजे बहुधा मेरी, सॅली म्हणजे सेरा, पॅटसी म्हणजे मार्था, नॅन्सी म्हणजे कधी कधी अ‍ॅन, पेगी म्हणजे मार्गारेट, हॅटी म्हणजे हॅरिएट, आणि आयरिश घरांत डेलिया म्हणजे बऱ्याचदा ब्रिजेट. जनगणनेत पॉली आणि थडग्यावर मेरी दिसली की दोन बायका समजू नका. मुलांच्या मधल्या नावाकडेही लक्ष द्या. एखाद्या मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते आईच्या किंवा आजीच्या माहेरचं असू शकतं. हा पुरावा नव्हे, फक्त कुठे पाहायचं याची सूचना.

मृत्युदाखल्यावर आईचं माहेरचं नाव असतं, पण ते सांगणारा माणूस मेलेला माणूस नसतो. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या आईचं नाव त्याच्या सुनेने सांगितलेलं असेल, तर ते ऐकीव. सगळ्या भावंडांचे दाखले काढा, खाली माहिती देणाऱ्याचं नाव काय ते पाहा. तीन दाखले तीन वेगळ्या माणसांनी दिलेले आणि आडनाव एकच, तर ते वजनदार. तिन्ही एकाच जावयाने दिलेले असतील तर तो एकच पुरावा तीनदा मोजला जातो. १९३६ नंतर हयात असलेल्या मुलांनी सोशल सिक्युरिटीसाठी (सरकारी निवृत्तिवेतन योजनेसाठी) अर्ज केला असेल तर त्यात आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव स्वतः लिहिलेलं असतं, ते जास्त विश्वासाचं.

राज्याची जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी कधी सुरू झाली, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. मॅसॅच्युसेट्स १८४१, न्यू जर्सी १८४८, न्यूयॉर्क राज्य जवळपास १८८०, पेनसिल्व्हेनिया थेट १९०६, दक्षिणेतली काही राज्यं त्यानंतर. म्हणजे १८५५ च्या सुमाराचं लग्न न्यू जर्सीत झालं असेल तर ट्रेंटनच्या राज्य दप्तरखान्यात नोंद मिळण्याची आशा. तेच लग्न पकीप्सीत झालं असेल तर सरकारी नोंद नाही असंच समजून चर्च आणि वर्तमानपत्राकडे वळायचं. लग्न सहसा नवरीच्या गावी होई, हे विसरू नका. हडसनच्या खोऱ्यात डच रिफॉर्म्ड चर्चच्या वह्या आधी पाहाव्यात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईला माहेरच्या आडनावाने लिहिण्याची डच रीत तिथे एकोणिसाव्या शतकातही बरीच टिकली, आणि साक्षीदार पुष्कळदा आईच्या बाजूचे. काँग्रिगेशनल चर्चमध्ये सभासद ‘पत्रावर’ दाखल होई, म्हणजे आधीच्या चर्चचं पत्र आणून. त्या नोंदीत आधीच्या गावाचं नाव असतं.

आता मुख्य कागद.

वडिलांचं मृत्युपत्र हे उघडच आहे: ‘माझी मुलगी अमुक, अमुकची बायको’. पण मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाची फाइल त्याहून चांगली, हे पुष्कळांना माहीत नसतं. मृत्युपत्रात बाप एखाद्या मुलीला वगळू शकतो, तिला आधीच हुंडा-आंदण दिलं म्हणून नावसुद्धा घेत नाही. मृत्युपत्र नसेल तर कायद्याने सगळे वारस मोजावे लागतात. न्यूयॉर्कच्या सरोगेट कोर्टातल्या (वारशाची प्रकरणं पाहणाऱ्या कोर्टातल्या) अर्जांत वारसांची नावं, नातं आणि राहण्याचं गाव येतं. मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या मुलांची नावं येतात. निपुत्रिक काका किंवा अविवाहित आत्या मेली असेल तर सोन्याहून पिवळं. तिचे सगळे भाऊबहीण, मेलेल्यांची मुलं, लग्न झालेल्या भाच्यांचे नवरे, सगळं एका अर्जात. म्हणून फक्त वडिलांची फाइल पाहून थांबू नका. त्या आडनावाच्या त्या काउंटीतल्या प्रत्येक निपुत्रिक माणसाची फाइल काढा.

फाइल म्हणजे कोर्टाच्या वहीत उतरवलेली मृत्युपत्राची नक्कल नव्हे. मूळ पाकिटात अर्ज, मालमत्तेची यादी, वाटपाचा हिशेब आणि पावत्या असतात. मुलीचा वाटा पुष्कळदा जावयाने सही करून घेतलेला असतो, ‘माझ्या बायकोच्या हक्कात’ असं लिहून. ती एक पावती लग्नाच्या दाखल्याचं काम करते. कोर्टाला लिहिताना ‘मृत्युपत्राची प्रत’ मागितलीत तर तेवढंच पाठवतील. ‘संपूर्ण फाइल’ असं म्हणा. पेनसिल्व्हेनियात वाटपाचं आणि अज्ञान मुलांचं काम ऑर्फन्स कोर्टात चाले. ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ, पण ते वाचून आई मेली असं समजू नका. बाप गेलेल्या मुलाला मालमत्ता असली की आई जिवंत असतानाही पालक नेमला जाई, आणि नेमलेला पालक बऱ्याचदा मामा किंवा आजोबा असे.

जमिनीच्या खरेदीखतांत बायकोचं नाव येतं ते डावरमुळे. नवऱ्याच्या जमिनीच्या एकतृतीयांश भागावर विधवेचा हयातभर हक्क असे, म्हणून विक्रीच्या वेळी तिची संमती लागे आणि अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारत असे. त्यामुळे १८४६ च्या खतात बायको मेरी आणि १८५१ च्या खतात लुसिंडा दिसली, तर पहिली मधल्या काळात वारली असावी. कुठल्या मुलाची आई कोण, हे त्यावरून ठरवता येतं. माहेर मात्र सापडतं वेगळ्या प्रकारच्या खतात. चार-पाच जोडपी मिळून एकच शेत एकाच माणसाला अगदी थोड्या रकमेत, कधी एका डॉलरला, देतात. हे जवळजवळ नक्की वारसांचं खत: बहिणी आणि त्यांचे नवरे आपला वाटा भावाला सोडून देत आहेत. अडचण अशी की सूचीत बहुधा पहिल्याच विकणाऱ्याचं नाव असतं आणि पुढे ‘वगैरे’. तुमची बाई त्या ‘वगैरे’त दडलेली. पूर्वी यावर उपाय म्हणजे पानं उलटत बसणं. २०२४ पासून फॅमिलीसर्चवर हस्तलिखित खतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचून त्यातल्या प्रत्येक शब्दावर शोध घेण्याची सोय आहे, आणि माझ्या मते बायकांच्या शोधासाठी इतकी उपयोगी गोष्ट दुसरी आलेली नाही. तिचं पहिलं नाव, नवऱ्याचं आडनाव आणि काउंटी एवढं टाका. यंत्राचं वाचन चुकतं, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं दुहेरी ‘एस’ लिहिण्याचं वळण त्याला ‘पी’ किंवा ‘एफ’ वाटतं, म्हणून ‘जेसी’सारख्या नावांचे चुकीचे पर्यायही टाकून पाहा. मूळ पान उघडून स्वतः वाचल्याशिवाय काहीही उतरवू नका.

नवरा यादवी युद्धात उत्तरेकडून लढला असेल तर विधवा-पेन्शनची फाइल बघाच. १४ जुलै १८६२ च्या कायद्याने विधवांना आणि मुलावर अवलंबून असलेल्या आयांनाही पेन्शन मिळाली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे. जिथे नोंदणीच नव्हती तिथे ती लग्नाला हजर असलेल्यांची प्रतिज्ञापत्रं देई, घरच्या बायबलची पानं फाडून पाठवी, बाळंतपण केलेल्या सुईणीची साक्ष काढी. ही पानं आजही वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात फाइलमध्ये आहेत. सूची फॅमिलीसर्चवर फुकट दिसते. कार्डावर विधवेचा अर्ज क्रमांक आणि मंजुरी क्रमांक वेगवेगळे असतात. पूर्ण फाइल मागवताना दोन्ही द्या. अर्ज नामंजूर झाला असेल तरी फाइल मागवा, कारण पुरावा अपुरा पडला की बाईने जास्त कागद जोडलेले असतात. कोर्टहाऊस जळून काउंटीचं दप्तर नष्ट झालं असेल तिथे हे केंद्राकडचे कागद वाचलेले असतात. बायबलच्या नोंदी पाहताना बायबल छापल्याचं साल बघायचं. ग्रंथ १८५७ चा आणि १८११ पासूनच्या तारखा एकाच शाईत, तर ती आठवणीने मागाहून केलेली नक्कल आहे.

वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, आणि न्यूयॉर्क राज्यासाठी ‘एनवायएस हिस्टॉरिक न्यूजपेपर्स’ व ‘फुल्टन हिस्टरी’, सगळी फुकट. शोध नवऱ्याच्या आद्याक्षरांनी घ्या. ‘मिसेस बी. एफ. कार्पेंटर आपल्या भावाकडे मुक्कामाला’ अशी दोन ओळींची गावगप्पांची बातमी कधी कधी मृत्युलेखापेक्षा जास्त सांगते. तिच्या भावांचे आणि आईचे मृत्युलेख शोधा. मागे राहिलेल्या नातेवाइकांत ती ‘रोझेलच्या मिसेस कार्पेंटर’ म्हणून येईल. शहरांच्या डिरेक्टऱ्यांत (रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या पुस्तकांत) विवाहित बाईचं नाव सहसा नसतं. नवरा मेल्यावर मात्र ती ‘अमुकची विधवा’ म्हणून उगवते. असं नाव पहिल्यांदा दिसलं त्या सालाच्या आसपास नवऱ्याचा मृत्यू शोधायचा.

सगळ्यात महाग पडणारी चूक: लग्नाच्या नोंदीत नवरीचं जे आडनाव आहे ते माहेरचंच असं धरणं. ती विधवा असेल तर ते पहिल्या नवऱ्याचं असतं. मॅसॅच्युसेट्ससारख्या राज्यांत कितवं लग्न हे लिहिलेलं असतं आणि आईवडिलांची नावंही. बाकी ठिकाणी वय बघून संशय घ्यायचा. तिशीपुढची नवरी, आणि घरात वेगळ्या आडनावाची लहान मुलं, असं दिसलं की थांबा. उलट प्रकारही होतो: जनगणनेच्या माणसाने सावत्र मुलांना नव्या नवऱ्याचंच आडनाव लावून टाकलेलं असतं. वयावर तर अजिबात विसंबू नका. दहा वर्षांनी बाई सातच वर्षांनी मोठी झालेली दिसते, आणि माहिती घरातल्या कोणी दिली की शेजाऱ्याने, हे १९४० पूर्वीच्या पत्रकात कळत नाही.

इंटरनेटवरच्या तयार वंशावळींबद्दल: सुगावा म्हणून वाचा, खाली मूळ कागद जोडलेला नसेल तर सोडून द्या. पन्नास झाडांत एकच आईचं नाव असेल तर बहुधा एकाने लिहिलं आणि एकोणपन्नासांनी उचललं. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतलेल्यांच्या वंशज बायकांची संस्था १८९० ची. तिच्या सभासदांनी अर्जात पिढीगणिक वंशावळ दिलेली असते, पण सुरुवातीच्या अर्जांना पुरावे क्वचितच जोडलेले. परदेशातून आलेल्या बाईच्या नागरिकत्वाच्या अर्जाची वाट पाहू नका. १८५५ च्या कायद्याने नवरा नागरिक असला की बायको आपोआप नागरिक होई, आणि ते १९२२ पर्यंत चाललं. शोधायचे ते नवऱ्याचे कागद.

ही सगळी मांडणी मुख्यतः गोऱ्या, स्वतंत्र बाईसाठी आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या कृष्णवर्णीय बाईचं नाव जनगणनेत बहुधा १८७० ला पहिल्यांदा येतं. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या वेगळ्या पत्रकांत मालकाचं नाव आणि गुलामांचं फक्त वय, लिंग, वर्ण. तिच्यासाठी फ्रीडमेन्स ब्यूरो या मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे १८६५ ते १८७२ चे कागद आणि फ्रीडमन्स बँकेच्या खातेवह्या पाहायच्या. खातेवह्यांत खातेदाराचे आईवडील, भावंडं, कधी जुन्या मालकाचं नावही लिहिलेलं आहे. त्याआधीचं शोधायचं तर मालकाच्या घराण्याच्या वारसा-फाइली वाचाव्या लागतात, कारण तिथे माणसं मालमत्तेच्या यादीत नावानिशी, किमतीसह आहेत.

उरला नगरच्या मिशनचा प्रश्न. तिथे काम बरंच सोपं आहे, कारण हे मिशन चालवणाऱ्या बॉस्टनच्या मिशन बोर्डाने उमेदवारांची पत्रं, गावच्या पाद्र्याची शिफारसपत्रं आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार जपला. ते कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. मिशनमधल्या सिंथिया फरार अविवाहित होत्या, त्यामुळे आडनाव बदललं नाही. न्यू हॅम्पशायरमधलं मार्लबरो हे गाव, १७९५ चा जन्म, १८२७ मध्ये मुंबईला आगमन, १८६२ मध्ये नगरला मृत्यू. इथे गावाच्या कारकुनाच्या वह्या आणि छापील ग्राम-इतिहास यांवर मागच्या पिढ्या काढता येतात. न्यू इंग्लंडमध्ये गावोगाव अशा वह्या फार आधीपासून ठेवलेल्या आहेत. मिशनऱ्यांच्या बायकांबद्दल मात्र पुन्हा तोच प्रश्न येतो. त्यांपैकी काही माउंट होलिओक सेमिनरीत शिकलेल्या होत्या, आणि तिथल्या जुन्या विद्यार्थिनींच्या छापील नोंदवह्यांत माहेरचं नाव, लग्नाचं साल आणि नवरा असं तिन्ही आहे. बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकाचे जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर भारतातून काही पुस्तकं बंद दिसतात, तेव्हा आर्काइव्ह आधी उघडा. लग्न किंवा मुलाचा जन्म मुंबई इलाख्यात झाला असेल, तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या चर्च-नोंदींपैकी मुंबईच्या ‘एन/३’ या मालिकेतही पाहा. अमेरिकन माणसांच्या नोंदी तिथे सगळ्या नाहीत, पण काही आहेत, आणि नवरीच्या वडिलांचं नाव लिहिण्याचा रकाना विवाहाच्या छापील नमुन्यातच आहे.